मारुती ८०० च्या भागांतून ट्यूब चासीची बग्गी: मापं, पाइप, जोड आणि कुठे काय चुकतं

पान्हा_आणि_पाइप (धागाकर्ता)

पाइपांच्या चौकटीची, खडबडीत जागेवर चालवायची छोटी उघडी गाडी म्हणजे बग्गी. तिच्याबद्दल विचारणारा जवळजवळ प्रत्येक जण पाइपापासून सुरुवात करतो. कुठला घ्यायचा, किती जाड, बेंडर कुठे मिळेल. पाइप हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड आहे ती डोनर गाडी, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे ती. ८०० चं इंजिन, एक्सल (चाक फिरवणारा दांडा), नकल (चाकाचा हब आणि बेअरिंग धरणारा भाग), लोअर आर्म (नकलला खालून चासीशी जोडणारी दांडी), स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारी दातेरी दांडी) हे सगळं एकमेकांपासून ठरावीक अंतरावर बसलं तरच नीट चालतं. गाडी गॅस कटरने कापली की ती अंतरं गेली, आणि मग नव्या चासीवर अंदाजपंचे शोधाशोध सुरू होते. सांध्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटणं, एक्सल निसटणं, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळणं, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

८०० च का? ती पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आहे, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच गठ्ठ्यात मिळतं. तो गठ्ठा सीटच्या पाठीमागे ठेवला की मागची चाकं चालवणारी बग्गी तयार. प्रॉपेलर शाफ्ट (पुढून मागे जोर नेणारा लांब दांडा) नको, वेगळं डिफरन्शियल नको. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ बीएचपीच्या आसपास आणि ५९ न्यूटन-मीटर. आकडे लहान वाटतील, पण गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या घरात होतं आणि नीट बांधलेली बग्गी साडेचारशे ते पाचशेत बसते. ओम्नीत हेच इंजिन लांबीत बसतं आणि मागे लाइव्ह एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड एक्सल) आहे. तिचीही बग्गी होते, पण गाडी लांब होते आणि मागचं सस्पेन्शन जड राहतं.

गठ्ठा मागे सरकवायचा, फिरवायचा नाही. डावी बाजू डावीकडेच, पुढची बाजू पुढेच. १८० अंशांत फिरवून बसवला तर चाकं उलट फिरतात: सगळे गिअर मागे जायला आणि फक्त रिव्हर्स पुढे. न फिरवण्याचा आणखी एक फायदा आहे. ८०० मध्ये इंजिन चाकांच्या रेषेच्या पुढे आहे, त्यामुळे बग्गीत ते आपोआप सीट आणि मागची चाकं यांच्या मधोमध येतं. वजन मागे लोंबत नाही आणि चढावर तोंड उचलत नाही.

आता मापं. गाडी अजून अखंड असताना, सपाट लादीवर, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवून घ्यायची. ओळंबा आणि लेव्हल बॉटल एवढंच सामान. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडायचा, टोक स्थिर झालं की लादीवर पातळ मार्करने फुली मारायची आणि शेजारी त्या बिंदूची जमिनीपासूनची उंची लिहायची. बिंदू असे: दोन्ही स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या उभ्या खांबांच्या) वरच्या माउंटचे मध्य, लोअर आर्मच्या आतल्या बुशचे बोल्ट, स्टॅबिलायझर बारचे दोन्ही क्लॅम्प, रॅकच्या दोन्ही टोकांचे आतले बॉल जॉइंट, सगळे इंजिन माउंट आणि चाकांचे मध्य. बॉल जॉइंट म्हणजे रबरी बूटच्या आतला गोळा, बूटचं टोक नव्हे. मग गाडी हलवून लादीवरच्या फुल्यांमधली अंतरं मोजायची, कर्णसुद्धा. डाव्या-उजव्या कर्णात ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे, आणि तिची एक बाजू दुसऱ्या बाजूवर आरशासारखी उतरवून घ्यावी लागेल.

हा लादीवरचा नकाशाच पुढे आपला जिग, म्हणजे भाग जागच्या जागी बसवायचा साचा, होतो. इतक्यात गाडी कापू नका.

चाकोरी

सुरेख सुरुवात. तरी पाइपाचं विचारतोच. दुकानात 'एक इंची पाइप' म्हणून दाखवतात तो चालेल का? हातात चांगला जाड लागतो.

पान्हा_आणि_पाइप

नाही चालणार, आणि कारण नीट समजून घ्या. दुकानातला 'एक इंची' हा बहुधा पाण्याचा पाइप असतो, आयएस १२३९ चा. एक इंच हे त्याचं नाममात्र आतलं माप. बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो. 'सव्वा इंची'चा बाहेरचा व्यास ४२.४ मिमी. तो पाणी वाहण्यासाठी बनवलेला आहे. गॅल्व्हनाइज्ड तर अजिबात घेऊ नका. वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर छातीत जातो, ताप भरतो, आणि जोडात छिद्रं राहतात ती वेगळीच.

मागायचा तो 'सीडीएस', म्हणजे कोल्ड ड्रॉन सीमलेस. किंवा आयएस ३०७४ चा, जो वाहनांसाठीच्या नळ्यांचा मानक आहे. मापं नेहमी बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी, दोन्ही मिमीत सांगा. मुंबईकडच्या लोकांना कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळेल. बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि टेस्ट सर्टिफिकेटची प्रत मागा.

किती जाड, याला आधार हवा. रॅली गाड्यांच्या रोल केजसाठी (गाडी उलटली तर माणसाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्यासाठी) एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धा संघटनेचे नियम आहेत: मुख्य हूप (सीटच्या मागची उलट्या यू आकाराची कमान) ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, बाकी नळ्या ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी, कोल्ड ड्रॉन सीमलेस, ताणशक्ती किमान ३५० मेगापास्कल. ८०० च्या बग्गीला हेच धरा. कॉलेजच्या बाहा स्पर्धेतले २५ × ३ मिमी हे माप खूप जण उचलतात. ते १० हॉर्सपॉवरच्या छोट्या इंजिनाच्या हलक्या, एका माणसाच्या गाडीसाठी आहे.

वजनाचं सूत्र पाठ करून ठेवा: बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६ म्हणजे मीटरला किलो. ३८ × २.५ चं येतं २.१९, ४५ × २.५ चं २.६२. दोन सीटच्या बग्गीला साधारण ३२ मीटर ३८ ची आणि ४ मीटर ४५ ची नळी लागते, म्हणजे ऐंशी किलो. नळी ६ मीटर लांबीत येते. कापाकापी आणि बिघडलेले बेंड धरून ३८ चे सात आणि ४५ चा एक नग घ्या.

बाहावाला

बाहा एसएईइंडिया २००७ पासून चालू आहे आणि तिथल्या नियमांतून खूप शिकण्यासारखं आहे, फक्त नळीचं माप तसंच उचलू नये हे अगदी बरोबर. घ्यायचं ते हे. मुख्य हूप एकाच सलग नळीचा, मध्ये जोड नाही. हेल्मेट घालून बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून वरच्या कोणत्याही दोन नळ्यांना टेकवलेल्या सरळ पट्टीपर्यंत किमान १५२ मिमी जागा. खांदे, कोपर, गुडघे यांना ७६ मिमी. ही तपासणी कागदावर करू नका. लाकडी फळीवर सीट ठेवा, सगळ्यात उंच माणसाला हेल्मेट घालून बसवा आणि पीव्हीसीच्या विजेच्या पाइपांचा सांगाडा भोवती बांधा. इलेक्ट्रिशियनचे पाइप आणि चिकटपट्टी मिळून काही शे रुपयांत होतं, आणि पाय पेडलपर्यंत पोचताना गुडघा स्टिअरिंगला लागतो का हे तिथेच कळतं.

बेंडिंगबद्दल. प्लंबरच्या हायड्रॉलिक बेंडरच्या डाय पाण्याच्या पाइपाच्या मापाच्या असतात. ३८ ची नळी ४२.४ च्या खाचेत सैल बसते आणि वळणावर चपटी होते. रोटरी ड्रॉ बेंडर असलेलं दुकान शोधा. रेलिंग, जिमची उपकरणं, बसच्या सीटच्या फ्रेम बनवणाऱ्यांकडे असतो. बेंडची त्रिज्या, नळीच्या मध्यरेषेवर मोजून, व्यासाच्या किमान तिप्पट: ३८ ला ११४ मिमी. वळणात नळी अंडाकृती होतेच. सगळ्यात लहान व्यास भागिले सगळ्यात मोठा व्यास ०.९ च्या खाली गेला तर तो तुकडा बाजूला ठेवायचा, सरळ भाग दुसरीकडे वापरायचा.

मधुरा_मेक

जोडाविषयी थोडं. नळीचं टोक दुसऱ्या नळीवर बसताना माशाच्या तोंडासारखी खाच लागते. होल सॉ हा ज्या नळीवर टेकायचं तिच्या बाहेरच्या व्यासाचा हवा, कापायच्या नळीचा नव्हे. कोन तिरपा असेल तर कागदी साचा छापून नळीभोवती गुंडाळा, रेषेवर ग्राइंडरने कापा आणि अर्धगोल कानसीने पुरं करा. फट १ मिमीच्या वर नको. फट भरायला गज घालून वर वेल्डिंग ओढलेला जोड बाहेरून छान दिसतो, पण पहिल्या जोरदार आपटीत बरोबर त्या रेषेवर फाटतो.

वेल्डिंगला २.५ मिमी भिंतीसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूखाली वायरने होणारं वेल्डिंग) पुरेसं आहे: ०.८ मिमी वायर, ९० ते ११० अँपिअर. आर्गनची सक्ती नाही. क्रोमोलीचा (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा) हट्टही धरू नये. ती नळी महाग, तिला सहसा आर्गन वापरतात, आणि साध्या सीडीएसची नीट त्रिकोणी बांधलेली चौकट या वजनाला भरपूर आहे. उघड्यावर वाऱ्यात वेल्डिंग करू नका, गॅस उडून जातो आणि मण्यासारखी छिद्रं पडतात.

गाडीवर हात लावण्याआधी त्याच नळीचे दोन तुकडे टी आकारात जोडा, जोडाच्या मधून करवतीने आडवे कापा आणि कापलेला भाग पॉलिश पेपरने घासा. दोन्ही भिंतींमध्ये वेल्ड आत उतरलेलं दिसलं पाहिजे. वरच्यावर चिकटलेलं असेल तर करंट वाढवा आणि पुन्हा करा. वेल्डरला याचा राग आला तर दुसरा वेल्डर बघा.

आणि वेल्ड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नका. दिसायला बरं, पण जोडाची जाडी जाते.

पान्हा_आणि_पाइप

मधुराताईंच्या शेवटच्या दोन वाक्यांना पूर्ण अनुमोदन.

क्रमाचं सांगतो. सगळी चौकट आधी फक्त टॅकवर (वेल्डच्या छोट्या तात्पुरत्या ठिपक्यांवर) उभी करायची, प्रत्येक जोडाला तीन-चार टॅक. कर्ण मोजायचे. मग पूर्ण वेल्डिंग, पण एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे रांगेने नाही. पुढचा डावा जोड झाला की मागचा उजवा, वरचा झाला की खालचा. एकाच बाजूने ओढत गेलात तर चौकट त्या बाजूला दोन-तीन मिमी खेचली जाते आणि ते नंतर सुटत नाही. म्हणूनच सस्पेन्शनचे, रॅकचे आणि इंजिनचे ब्रॅकेट चौकट पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्यावरच लावायचे, लादीवरच्या नकाशावर ओळंबा सोडून. ब्रॅकेट ४ ते ५ मिमी पत्र्याचे, बोल्टला दोन्ही बाजूंनी धरणारे. एका कानावर लटकणारा बोल्ट वाकतो.

त्रिकोणांकडे लक्ष द्या. मुख्य हूपच्या मागे दोन तिरप्या नळ्या, हूपच्या चौकटीत एक कर्ण, आणि मागच्या स्ट्रटच्या दोन्ही टॉवरमध्ये आडवी नळी. ८०० मध्ये स्ट्रटच्या डोक्यावरचा भार बॉडीचा पत्रा पसरवून घेतो. बग्गीत तो सगळा दोन बिंदूंवर येतो. टॉवरपासून हूपपर्यंत सरळ नळी नसेल तर काही दिवसांत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदललेला दिसेल.

ट्रेलधूळ

मागच्या सस्पेन्शनवर जरा सविस्तर लिहाल का? ८०० ची पुढची नकल मागे गेली तर ती वळायला बघणार. तिला कसं धरायचं?

पान्हा_आणि_पाइप

हाच कळीचा मुद्दा आहे. दोन गोष्टी.

पहिली. मागे रॅक नको, पण टाय रॉड हवेत. रॅकचे आतले बॉल जॉइंट मूळ गाडीत जिथे होते, बरोबर त्याच उंचीला आणि त्याच रुंदीला चासीवर दोन ब्रॅकेट लावा आणि तिथून नकलपर्यंत ॲडजस्ट होणारे रॉड टाका. जागा तीच राहिली तर चाक वर-खाली होताना टो (वरून पाहता चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते) बदलत नाही. सोय म्हणून ते २०-२५ मिमी वर लावलेत की प्रत्येक खड्ड्यात मागची चाकं आपापली वळतात आणि चालवणाऱ्याला वाटतं, गाडी शेपटी हलवते. मागे टो थोडा आत ठेवा, प्रत्येक चाकाला १ ते २ मिमी. बाहेर कधीच नाही.

दुसरी. ८०० ला लोअर आर्म म्हणजे एक आडवी दांडी आहे. तिला पुढे-मागे धरायचं काम स्टॅबिलायझर बार करतो. बारची जागा बग्गीत नेमकी सीटच्या आणि टाकीच्या आड येते, म्हणून लोक तो काढून टाकतात. मग ब्रेक मारला की चाक मागे आणि क्लच सोडला की पुढे सरकतं. बार काढायचा असेल तर लोअर आर्मच्या जागी त्रिकोणी ए-आर्म बनवा: बाहेरचा बॉल जॉइंट आणि आतला मूळ बुश जागच्या जागी, आणि दुसरा आतला बुश त्याच अक्षावर साधारण २५० ते ३०० मिमी पुढे. दोन्ही बुशचे बोल्ट एका सरळ रेषेत हवेत. एक लांब सळई दोन्हीतून आरपार गेली पाहिजे. नाही गेली तर आर्म हलताना रबर पिळवटतं आणि लवकर फाटतं.

एक्सलचं. ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) मूळ गाडीएवढाच ठेवा. बग्गी रुंद दिसावी म्हणून आर्म ५० मिमी वाढवले तर आतला जॉइंट कपातून बाहेर यायला लागतो आणि चाक लोंबलं की निसटतो. उभ्या गाडीत एक्सलचा कोन ५ ते ८ अंश असावा, चाक पूर्ण लोंबल्यावर २० च्या आत. आतला जॉइंट त्याच्या पुढे अडकायला लागतो. म्हणून लिमिट स्ट्रॅप (चाक मर्यादेपलीकडे लोंबू न देणारा पट्टा) लावायचाच. डाव्या-उजव्या एक्सलची लांबी वेगळी आहे, काढताना खूण करून ठेवा.

चाकोरी

आणि पुढे? पुढे तर इंजिनच नाही. तिथेही ८०० चीच नकल?

मधुरा_मेक

हो, दुसऱ्या ८०० च्या पुढच्या नकलचा जोड घ्या. रॅक, टाय रॉड आणि नकल एकाच गाडीची असली की वळण्याची भूमिती तयार मिळते. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात नाना पेठेत विचारा. जुन्या ८०० चे भाग अजून फिरतात.

एक धोका मात्र पहिल्यांदा करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. या नकलमध्ये बेअरिंग दाबून धरायचं काम एक्सलचं टोक आणि मोठा नट करतो. पुढे एक्सल नाही म्हणून ते भोक रिकामं सोडलं तर हब बेअरिंगमधून सरकतो, आणि चाक डिस्कसकट बाहेर येऊ शकतं. जुन्या एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाकडचा वाकणारा सांधा) घ्या, आतले गोळे आणि पिंजरा काढा, फक्त खोबण्यांचं टोक असलेली वाटी ठेवा. ती हबमध्ये घालून नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा आणि ओठ ठोकून लॉक करा. उघडी वाटी पत्र्याच्या चकतीने बंद करा, नाहीतर चिखल बेअरिंगपर्यंत जातो.

पुढचा स्ट्रट आणि ८०० ची स्प्रिंग तशीच ठेवली तर पुढची गाडी दगडासारखी होते, कारण ती स्प्रिंग इंजिनाचं वजन पेलण्यासाठी आहे. पुढे दोन ए-आर्म आणि तिरपा शॉक असं करा. वरचा बॉल जॉइंट कुठे घ्यायचा? खालच्या बॉल जॉइंटपासून मूळ स्ट्रटच्या वरच्या माउंटपर्यंत दोरी ताणा. वरचा बॉल जॉइंट त्या दोरीवर आला की किंगपिनचा कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) मूळचाच राहतो. स्ट्रट जिथे नकलला बोल्ट होतो तिथेच त्याचं ब्रॅकेट बसतं.

स्प्रिंगचा हिशेब. दोन माणसांसकट गाडी ६५० किलो धरा. पुढे ४० टक्के म्हणजे २६०, एका चाकाला १३०. चाक, नकल, डिस्क वगैरे २५ वजा. स्प्रिंगवर १०५ किलो. ऑफ-रोडला दीड हर्ट्झची चाल (सेकंदाला दीड हेलकावा) धरली तर चाकापाशी ताठपणा येतो ९.३ न्यूटन प्रति मिमी. चाक १० मिमी हललं की शॉक ६ मिमी दबत असेल, तर ९.३ भागिले ०.६ चा वर्ग: सुमारे २६ न्यूटन प्रति मिमी. अशा स्प्रिंगवर उभ्या गाडीचं चाक ११० मिमी दबतं. वर आणखी १०० मिमी जागा हवी असेल तर शॉकचा स्ट्रोक १२६ मिमी लागेल. मोटरसायकलच्या मागच्या जोड-शॉकमध्ये एवढा स्ट्रोक मिळत नाही. ते लावून गाडी खाली आपटते अशी तक्रार होते, त्याचं उत्तर या एका ओळीत आहे.

ट्रेलधूळ

बंप स्टिअर, म्हणजे खड्ड्यात चाक आपोआप वळणं, घरच्या घरी कसा मोजायचा?

मधुरा_मेक

पुढची स्प्रिंग काढा, रॅक मधोमध बांधा. डिस्कवर सरळ पट्टी बांधून पट्टीच्या दोन्ही टोकांपासून लादीवरच्या रेषेपर्यंतचं अंतर घ्या. चाकाखाली जॅक लावून २५-२५ मिमीने वर न्या आणि प्रत्येक वेळी दोन्ही अंतरं लिहा. पूर्ण प्रवासात दोघांमधला फरक २-३ मिमीच्या आत असेल तर उत्तम. वर जाताना आणि खाली येताना फरक विरुद्ध दिशांना वाढत असेल तर रॅकची उंची चुकली आहे. दोन्हीकडे एकाच दिशेने वाढत असेल तर टाय रॉडची लांबी आर्मशी जुळत नाही. रॅक उलटा करून लावला तर स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडी डावीकडे, हेही वेल्डिंगपूर्वीच फिरवून बघा.

सांगलीकर_वर्कशॉप

ब्रेकवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

आता चारही चाकांना ८०० ची पुढचीच नकल आहे, म्हणजे चारही डिस्क आणि चारही कॅलिपर सारखे. मागे वजन ६० टक्के, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.१ मीटर, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरा. मातीत ०.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट) चं ब्रेकिंग म्हणजे ९.५ टक्के वजन पुढे येतं, पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं होतं. सारखे कॅलिपर तिथे शोभतात. कडक जमिनीवर ०.६ जी ला पुढे ५४ आणि मागे ४६ होतं, तिथे मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. म्हणून मागच्या लाइनवर ॲडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) लावा. मूळ मास्टर सिलिंडर दोन कॅलिपर आणि दोन ड्रमसाठी होता. चार कॅलिपरना तेल जास्त लागतं, पेडल खोल जातं. हवा पूर्ण काढूनही पेडल अर्ध्याच्या खाली जात असेल तर मोठ्या बोअरचा सिलिंडर लागेल, आणि मग पेडल कडक होईल.

हँडब्रेक गेला, कारण तो ड्रमवर होता. हायड्रॉलिक लीव्हर वळणासाठी ठीक, उतारावर रात्रभर गाडी धरण्यासाठी नाही. गाडीत चाकाखाली लावायच्या लाकडी उट्या ठेवाच.

गिअर लीव्हर. ८०० ची गिअरची दांडी गिअरबॉक्समधून मागच्या बाजूला निघते आणि आपण बसलोय पुढे. दांडी वळसा घालून पुढे आणताना मध्ये बेलक्रँक (हालचालीची दिशा बदलणारा कोनातला सांधा) घातला तर ढकलण्याचं ओढणं होतं आणि पहिला-दुसरा उलटतो. दुसरा बेलक्रँक घालून सरळ करता येतं, पण प्रत्येक सांध्यात ढिलाई साठते. समांतर दुसरी दांडी घेऊन दोन्ही टोकांना घट्ट जोडली, मध्ये बुशवर टेकवली, तर पॅटर्न मूळचाच राहतो. क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल लांब करून घ्यावी लागेल. वळणं मोठी ठेवा.

चाकोरी

कार्ब्युरेटरची ८०० घ्यावी की एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनची)?

सांगलीकर_वर्कशॉप

अखंड गाडी मिळत असेल तर एमपीएफआय. उतारावर किंवा उडीत फ्लोटमधलं पेट्रोल हलतं आणि कार्ब्युरेटर गुदमरतो. एमपीएफआयला तो प्रश्न नाही. पण ईसीयू (इंजिनचा संगणक), पूर्ण वायरिंग हार्नेस, टाकीतला पंप, रिटर्न लाइन, आणि नंतरच्या मॉडेलला इमोबिलायझर असेल तर तो चावीसकट, हे सगळं एकाच गाडीचं हवं. भंगारातून सुटे भाग जमवणार असाल तर कार्ब्युरेटर बरा, दोन वायरींवर इंजिन चालू होतं.

टाकी १० ते १५ लिटरची, आत आडवे पत्रे, चौकटीच्या आत आणि सीटपासून फायरवॉलने वेगळी. फायरवॉलला १ मिमी पत्रा, भोकांना ग्रोमेट. व्हेंटला रोलओव्हर व्हॉल्व्ह (गाडी उलटली की बंद होणारा).

रेडिएटर पुढे नेला तर अडीच-अडीच मीटरचे दोन पाइप येतात, हवा अडकते, आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड एकदा तापलं की वाकतं. पुढेच ठेवायचा असेल तर भरण्याचं झाकण सगळ्या यंत्रणेत सर्वांत उंच हवं, गरज पडली तर वेगळी बाटली हूपजवळ लावून. मागे, हूपच्या पाठीशी उंचावर ठेवला तर पाइप छोटे राहतात, फक्त पंख्यावर भिस्त असते आणि जाळीतला चिखल दर वेळी धुवावा लागतो. या गाडीसाठी मी मागचीच जागा निवडेन.

ट्रेलधूळ

टायर? एटीव्हीचे मोठे टायर लावले तर?

पान्हा_आणि_पाइप

८०० चा १४५/७० आर१२ टायर ५०८ मिमी उंच. २५ इंची एटीव्ही टायर ६३५ मिमी, म्हणजे सव्वापट. चाकापाशी जोर एक पंचमांशाने कमी, पहिल्या गिअरला चढावर क्लच जळतो. १५५/८० आर१३ घेतला तर ५७८ मिमी, जोर १२ टक्के कमी. गाडी हलकी असल्याने ते भरून निघतं. एटीव्हीच्या रिमचा बोल्ट सर्कलही वेगळा, अडॅप्टर लागतो आणि तो बेअरिंगवरचा ताण वाढवतो. १३ इंचावर थांबा.

फाइल_नंबर

कायद्याचं स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, निर्मात्याच्या मूळ स्वरूपात असे बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ८०० च्या आरसीवर बग्गी चालवणं म्हणजे विमाही नाही. बग्गी स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या खाजगी जागेतच, तिथपर्यंत ट्रेलरवर. डोनर गाडी तोडली की कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत, किंवा त्यानंतर जमेल तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसी रद्द करून घ्या. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिली तर इंजिन परत मिळत नाही, म्हणून हे आधी ठरवा. आणि कोकणातले किनारे यासाठी नाहीत. वेळाससारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाळूत असतात, चाक गेलं की अंडी गेली.

बाहावाला

सीटच्या पट्ट्यांचं राहिलं. किमान चार बिंदूंचा हार्नेस. खांद्याचे पट्टे मागे जाताना जवळजवळ आडवे, आदर्श १० अंश खाली. ४५ च्या वर कोन गेला तर आपटीत मणक्यावर दाब येतो. त्यासाठी हूपवर वेगळी आडवी नळी लागते, तिची उंची सीट बसवल्यावरच ठरवा. दोन किल स्विच (इंजिन लगेच बंद करणारे), एक हाताशी आणि एक बाहेरून पोचेल असा. अग्निशामक सीटजवळ. हात बाहेर जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना जाळी.

चाकोरी

रंग कोणता? पाउडर कोटिंग करून घेऊ का, टिकाऊ असतं म्हणून?

मधुरा_मेक

निदान पहिल्या वर्षी नको. पाउडर कोटिंगचा थर जाड आणि लवचीक असतो, खाली जोडाला तडा गेला तरी वरून दिसत नाही. साधा प्रायमर आणि फिकट राखाडी इनॅमल मारा. पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर गाडी धुऊन वाळवा, सगळे सस्पेन्शन बोल्ट पुन्हा टॉर्कला आवळा, मग टॉर्च घेऊन स्ट्रट टॉवर, लोअर आर्मचे ब्रॅकेट आणि टाय रॉडचे कान या क्रमाने बघा. तडा फिकट रंगावर केसाएवढ्या काळ्या किंवा तांबूस रेषेसारखा दिसतो. शंका आली तर डाय पेनेट्रंटचा (तड्यात मुरून तो दाखवणाऱ्या रंगाचा) स्प्रे मारा. तडा सापडला तर त्यावर नुसतं वेल्ड ओढू नका. तो भाग कापून, खाली गसेट (त्रिकोणी आधारपत्रा) देऊन नव्याने बसवा.